मदत हवी आहे: अब्राहाम एकच, वचनही एकच, मग पौल आणि याकोब दोन टोकांना कसे?

आमच्या मंडळीत नववी-दहावीच्या मुलांचा रविवारचा वर्ग मी घेतो. धर्मशिक्षण काही झालेलं नाही. बँकेतून निवृत्त झालो आणि पाळकसाहेबांनी वर्ग गळ्यात घातला. गेल्या रविवारी बायबलातल्या, पौलाने लिहिलेल्या रोमकरांस पत्राचा तिसरा-चौथा अध्याय चालला होता. माणूस यहुद्यांच्या नियमशास्त्रातल्या कर्मांनी नव्हे, विश्वासाने नीतिमान ठरतो, इथवर आलो आणि एक पोरगा म्हणाला, “सर, मग रविवारी लवकर कशाला उठायचं?” सगळे हसले, मीही हसलो. तेवढ्यात एका मुलीने याकोबाचं पत्र उघडून २:२४ वाचलं: केवळ विश्वासाने नव्हे, तर क्रियांनी माणूस नीतिमान ठरतो. “पुढच्या रविवारी सांगतो” म्हणालो, प्रार्थना केली आणि वर्ग सोडला.

घरी दोन्ही पत्रं समोर घेऊन बसलो तर गोंधळ वाढलाच. अब्राहामाने देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणलं गेलं, हे उत्पत्ति १५:६ मधलं वचन पौल रोम ४:३ मध्ये घेतो. याकोबही २:२३ मध्ये तेच घेतो. निष्कर्ष मात्र उलटे!

सौ.चं माहेर वसईचं, कॅथलिक. ती जेवताना म्हणाली, “तुमच्या लूथरने पदरचा शब्द घातलाय.” तपासलं तर खरंच. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरच्या १५२२च्या जर्मन नव्या करारात रोम ३:२८ मध्ये ‘केवळ’ आहे, मूळ ग्रीकमध्ये नाही. ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द आहेत ते याकोबात, आणि तिथे पुढे ‘नव्हे’ आहे. मी मुकाट्याने भाकरी मोडली.

तर, दोघांच्या लेखी ‘कर्म’ म्हणजे एकच गोष्ट आहे का? “दोन्ही हवं” असं गुळमुळीत उत्तर नको, ते मीही देऊ शकतो. आणि पंथांची भांडणं कृपया इथे नकोत.

प्रतिसाद १:
काका, मुलांना अब्राहामाचं वय विचारा. त्याचा मुलगा इश्माएल झाला तेव्हा तो ८६ वर्षांचा, सुंता झाली तेव्हा ९९. पंधराव्या अध्यायातलं वचन या दोन्हींच्या आधीचं. म्हणजे सुंतेच्या निदान १३ वर्षं आधीच तो नीतिमान गणला गेला होता. पौलाला नेमकं हेच हवंय (रोम ४:१०), कारण परराष्ट्रीयांनी, म्हणजे यहुदी नसलेल्यांनी, आधी सुंता करून नियमशास्त्र पाळावं की काय, हा त्याच्यापुढचा वाद आहे.

याकोबापुढचा माणूसच वेगळा. उघड्या-उपाशी भावाला “जा, ऊब घे, पोटभर खा” म्हणतो आणि देत काहीच नाही. असल्या विश्वासाला याकोब म्हणतो, एवढा तर भुतांचाही आहे, आणि ती निदान कापतात तरी! म्हणून तो बाविसाव्या अध्यायातला, अब्राहाम आपला मुलगा इसहाक याला देवाला अर्पण करायला वेदीवर ठेवतो तो प्रसंग काढतो. वचन तेच, पण त्यानंतर कित्येक वर्षांनी ते खरं झालेलं दिसतं.

आणखी एक. मराठीत ‘नीतिमान’ म्हटलं की चांगल्या चालीचा माणूस डोळ्यांपुढे येतो, म्हणून आपला घोटाळा होतो. रोममध्ये जोर ‘ठरणे’वर आहे, न्यायाधीशाने निर्दोष ठरवावं तसा. ‘गणणे’साठीचा ग्रीक शब्द तर हिशेबातलाच: खात्यावर जमा धरणे. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे सोपं जाईल.

प्रतिसाद २:
वहिनींच्या बाजूने एक. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये लूथरपंथीयांची मतं नाकारली खरी, पण त्याच ठरावाचं पहिलंच कलम सांगतं की ख्रिस्ताच्या कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि लूथरन या दोघांनी याच विषयावरच्या संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्यात. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण तुमच्या जेवणाच्या टेबलापुरतं पुरेल.

धागाकर्ता:
दोघांचे आभार. सौ.ला ट्रेंटचं वाचून दाखवलं. “आम्हाला ठाऊकच होतं,” म्हणाली. रविवारी फळ्यावर ८६, ९९ लिहितो आणि जमाखर्चाची वही घेऊन जातो. फक्त त्या पोराने येशूशेजारी क्रूसावर असताना मरतेवेळी विश्वास ठेवणाऱ्या चोराचं विचारलं, की त्याला कर्मं करायला वेळ तरी कुठे होता, तर पुन्हा इथेच येईन.