जर्मन भाषेच्या बी१ पातळीवर जर्मनीला जाऊ की पुढची बी२ होईपर्यंत थांबू?

कृष्णाकाठ:
बी.एस्सी. नर्सिंग, मिरजेत खाजगी हॉस्पिटलात आयसीयूला आहे. बी१ झालंय. बी२चं वाचन, ऐकणं, लेखन निघालं, बोलणं तेवढं राहिलंय. एजंट म्हणतो, "मॅडम, बी१ पुरे. बी२ तिकडे हॉस्पिटलच्या खर्चाने करा." हॉस्पिटल बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यातलं आहे. तीन वर्षांच्या आत सोडलं तर कोर्सचे पैसे परत द्यायचे, असं करारात कलम आहे. घरचे म्हणतात, आलेली संधी घालवू नकोस. तिकडच्यांनी सांगा.

उल्मची_ताई:
अगं, एकच भाग राहिलाय तर तिथेच उरकून ये की! गोएथे संस्थेच्या बी२ परीक्षेत चारही भाग वेगवेगळे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे गोएथेच्याच भारतातल्या केंद्रात, फक्त बोलण्याची तारीख घे. बी२ नसेल तर बहुतेक राज्यांत नर्स म्हणून मान्यता मिळत नाही. तोवर तू 'फ्लेगेहेल्फर', म्हणजे मदतनीस, आणि पगारही त्याच हिशोबाचा. व्हेंटिलेटर सांभाळलेल्या मुलींच्या मनाला हे फार लागतं.

आणि एजंट सांगत नाहीत ते ऐक. इथे अंघोळ घालणं, डायपर बदलणं, भरवणं सगळं नर्सच करते. आपल्याकडे मावशी असतात, नातेवाईक असतात. इथले नातेवाईक भेटायच्या वेळेला फुलं घेऊन येतात आणि जातात. कमीपणा मानू नकोस. माझं जर्मन अंघोळी घालतानाच सुधारलं. आमच्याकडचे आजोबा बोलतात श्वेबिश, म्हणजे इकडची बोली, तेही कवळी ग्लासात ठेवून! आधी कवळी बसवायची, मग काय हवंय ते विचारायचं.

खरा कस लागतो रात्रपाळीच्या फोनवर. डॉक्टर घाईत डोस सांगतो, तोंड दिसत नाही. आकडे मनात इंग्रजीत आणू नकोस. जर्मन पंचेचाळीसमध्येही आपल्यासारखे पाच आधी, चाळीस नंतर. माझ्या केरळच्या सहकारिणीला याचाच ताप व्हायचा, तिच्या मल्याळममध्ये चाळीस आधी. तरी डोस परत म्हणून दाखवायचाच, डॉक्टर कितीही वैतागला तरी.

नाशिकचा_गडी:
ताईंशी पूर्ण सहमत नाही. मी बी१ वरच आलो आणि निभावलं, पण आमचा क्लास ड्यूटीच्या वेळात होता आणि तसं करारात लिहिलेलं होतं. सकाळी सहाची पाळी करून संध्याकाळी व्याकरणाला बसायचं म्हटलं तर डोळे मिटतात हो. परतफेडीची रक्कम दर महिन्याला कमी होत जाते की शेवटपर्यंत तेवढीच राहते, तेही लेखी घ्या. एजंट तुमच्याकडून पैसे मागतोय का? 'फेअरे अनवेर्बुंग फ्लेगे डॉइचलांड' असं इथल्या सरकारचं योग्य भरतीचं मानचिन्ह आहे. ते असलेल्या एजन्सींना भरतीचा खर्च नर्सच्या माथी मारता येत नाही.

कृष्णाकाठ:
डिपॉझिट मागितलंय. क्लासचं विचारलं तर म्हणाला, "तिकडे गेल्यावर बघू." मानचिन्हाचं विचारल्यापासून फोन उचलत नाहीये.

उल्मची_ताई:
मग सुटलीस. आता बोलण्याची तारीख घे. पुण्यात जागा नसेल तर मुंबईला बघ. आणि तयारीला कोणी नसेल तर रविवारी मला व्हॉट्सअ‍ॅप कॉल कर, मराठीत एक शब्द बोलणार नाही.