मदत हवी आहे: नोड जेएसच्या पहिल्याच सर्व्हरमध्ये मराठी अर्धवट दिसतंय

शाल्मली_के
नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) पहिलाच सर्व्हर लिहिलाय, ३००० पोर्टवर. इंग्रजीत 'हॅलो' पाठवलं तर नीट दिसतं. त्याच जागी 'नमस्कार' टाकलं की फक्त 'नम' येतं आणि पुढे काळ्या शंकरपाळ्यात प्रश्नचिन्ह. टर्मिनलवर एरर नाही. उद्या सकाळी कॉलेजात दाखवायचंय, लवकर सांगा प्लीज.

भटक्या७१
फॉन्ट नसेल. मंगल टाकून बघा. आमच्या ऑफिसात हेच व्हायचं.

शाल्मली_के
फॉन्ट आहे काका, हा धागा त्याच मशीनवर वाचतेय.

अनामिक_कोथरूड
कॅरसेट! कंटेंट-टाइप हेडरमध्ये (उत्तरासोबत जाणारी माहितीची ओळ) कॅरसेट, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत, यूटीएफ-८ लिहा. ते नसलं की ब्राउझर अंदाजाने वाचतो आणि मराठीचा पार विचका होतो.

शाल्मली_के
ते आधीपासून आहे.

रात्रपाळी
बदल केल्यावर कंट्रोल-सी दाबून सर्व्हर पुन्हा चालू केला का? चालू असलेला नोड फाइल आपणहून परत वाचत नाही. नोडच्या १८.११ आवृत्तीपासून वॉच नावाचा पर्याय आलाय, फाइल बदलली की तो सर्व्हर आपणहून परत चालू करतो, तो लावा. आणि जुना सर्व्हर बंद न करता दुसरा सुरू केला तर पोर्ट वापरात असल्याचा एरर येईल, तेव्हा घाबरू नका.

देवगडचा
एक्सप्रेस घ्या, नोडवरचं तयार फ्रेमवर्क, विषय संपला.

रात्रपाळी
पहिल्याच प्रोग्रॅमला एक्सप्रेस कशाला? आत काय चाललंय ते कधी कळणार तिला?

देवगडचा
नोकरीत कोणी नोडच्या नुसत्या अंगभूत एचटीटीपी मॉड्यूलवर लिहीत नाही. मी तरी पाहिलेलं नाही.

सुमेधा_ताई
दोघेही जरा थांबा. कॅरसेट चुकला असता तर सगळीच अक्षरं बिघडली असती. इथे पहिली दोन स्वच्छ आली आहेत, म्हणजे मजकूर मध्येच कापला जातोय. शाल्मली, हेडर कसे लिहिलेस ते सांग. पूर्ण.

शाल्मली_के
आता मोबाइलवर आहे, आठवून लिहिते. राइटहेडमध्ये २००, मग कंटेंट-टाइप, मग कंटेंट-लेंग्थ म्हणून 'मजकूर डॉट लेंग्थ'. त्याखाली उत्तर पाठवणारं रेस डॉट एंड, आत मजकूर. बाकी काही नाही.

सुमेधा_ताई
सापडलं. कंटेंट-लेंग्थ, म्हणजे पाठवायच्या मजकुराची लांबी, बाइटमध्ये द्यायची असते आणि जावास्क्रिप्टची लेंग्थ बाइट मोजत नाही. 'नमस्कार'मध्ये न, म, स, हलन्त, क, काना, र असे ७ धरले जातात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे एकूण २१. तू ब्राउझरला सांगतेस की ७च येणार. तो 'न'चे ३ घेतो, 'म'चे ३ घेतो आणि 'स'चा पहिला एक घेऊन थांबतो. त्या एकट्या बाइटचं अक्षर बनत नाही, म्हणून प्रश्नचिन्ह. इंग्रजीत एका अक्षराला एकच बाइट, त्यामुळे तिथे हिशेब जुळतो.
ती ओळ काढून टाक, नोड स्वतः बघून घेतो. ठेवायचीच असेल तर बफर डॉट बाइटलेंग्थ वापर.

देवगडचा
म्हणूनच सुरुवात पायथॉनने करावी. तिथे असले घोळ नाहीत.

अनामिक_कोथरूड
पायथॉनमध्येही लांबी मोजणारा लेन ७च देतो, करून बघा. आधी यूटीएफ-८ मध्ये एन्कोड केलं तर २१.

पुस्तकवेडा
नोड रायन डाल यांनी २००९ मध्ये बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये मांडला. पुढे २०१८ मध्ये तिथेच त्यांनी नोडबद्दल वाटणाऱ्या खंतींवर भाषण केलं आणि नोडला पर्याय म्हणून बनवलेला डेनो दाखवला. शिकणाऱ्याने दोन्ही भाषणं जरूर ऐकावीत.

शाल्मली_के
ओळ काढली, पूर्ण 'नमस्कार' आला!! बाइटलेंग्थही लावून पाहिली, २१च. ताई, खूप आभार.

भटक्या७१
इथे जाणकार आहेत म्हणून विचारतो. शिवाजी फॉन्टमधल्या जुन्या फाइली आहेत, त्यांनाही कॅरसेट लावला तर चालेल का?

सुमेधा_ताई
नाही. त्यात मुळात रोमन अक्षरांचे कोड आहेत, वर फक्त देवनागरी आकार चढवलेत. त्याला कन्व्हर्टरच लागेल. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहिते.