मदत हवी आहे: हीट पंपचं टॅक्स क्रेडिट, तारीख कुठली धरायची?

नमस्कार मंडळी, अमेरिकेत स्वतःचं घर असलेल्यांनी प्लीज सांगा. आम्ही नोव्हेंबर २०२५ मधे अ‍ॅटिकमधे सेल्युलोज इन्सुलेशन भरून घेतलं, वरच्या बेडरूममधे रात्री मोजे घालून झोपावं लागायचं ते एकदम बंद झालं, खरंच करून घ्या ज्यांचं राहिलंय त्यांनी. मग गॅसची फर्नेस काढून हीट पंप (विजेवर घर गरम आणि थंड करणारं यंत्र) बसवला, तो डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चालू झाला पण सिटीचं इन्स्पेक्शन जानेवारीत. आता खर्चाच्या ३० टक्के फेडरल टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजावट, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्या कामालाच आहे, मग तारीख चालू झाल्याची धरायची की इन्स्पेक्शनची? हीट पंपला २००० डॉलरपर्यंत मिळतं म्हणून जीव अडकलाय, उरलेलं पुढच्या वर्षी पण नेता येत नाही.

दुसरं म्हणजे इन्सुलेशनला फक्त मटेरियलचा खर्च चालतो, मजुरी नाही, आणि आमच्या बिलावर एकच आकडा आहे. कॉन्ट्रॅक्टरकडून वेगळं बिल मागितलं तर चालतं का? क्रेडिट मागायच्या फॉर्म ५६९५ वर हीट पंपच्या कंपनीचा चार अक्षरी कोडही लागतो, तो कुठे सापडला तुम्हाला? कोणी या वर्षी भरलं असेल तर नक्की लिहा.