घरकुलाचा हप्ता अडला. दिल्लीला केलेली तक्रार फिरून पीडीओंकडेच (पंचायत विकास अधिकाऱ्यांकडेच) येते. केंद्राची देखरेख नेमकी कुठे चालते?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका, जि. बेळगाव, कर्नाटक)

आमच्या ग्रामपंचायतीत प्रधानमंत्री आवास ग्रामीणची काही घरं लिंटलपर्यंत (दारं-खिडक्यांवरच्या पट्ट्यापर्यंत) येऊन थांबलीत. पहिला हप्ता जमा झाला, पुढचा नाही. पीडीओ म्हणतात फोटो वर पाठवलेत, पैसे वरून यायचे आहेत. ता. पं. (तालुका पंचायत) मध्ये विचारलं की बेंगळूरकडे बोट. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर अर्ज घातला तर तो राज्याकडे गेला, तिथून जि. पं. ला, आणि शेवटी त्याच पीडीओंच्या टेबलावर. 'कार्यवाही सुरू आहे' एवढं एका ओळीचं उत्तर आलं आणि तक्रार बंद.

दुसरं नळपाण्याचं. वित्त आयोगाचा निधी दरवर्षी येतो, पण त्यातला पाण्यावर किती गेला हे ग्रामसभेत कुणी फोड करून सांगत नाही.

पैसे केंद्राचे आहेत तर त्यावर लक्ष ठेवणारा केंद्राचा माणूस कोण? कुठल्या दारात कुठले कागद घेऊन जायचं? आणि कुठल्या भाषेत? इथं कन्नड लिहिता न येणारे बरेच आहेत.

हिशेबनीस

आधी अधिकाराचं बघू, नाहीतर अर्ज असेच फिरत राहतील. स्थानिक स्वराज्य संस्था हा राज्यसूचीतला विषय आहे, सातव्या अनुसूचीतली नोंद ५. पीडीओ, ता. पं.चे ईओ (कार्यकारी अधिकारी), जि. पं.चे सीईओ (मुख्य कार्यकारी अधिकारी) ही सगळी साखळी राज्य सरकारची. दिल्लीचं ग्रामविकास मंत्रालय पीडीओंना नोटीस काढू शकत नाही. केंद्राच्या हातात आहे तो पैसा, आणि त्या पैशाला बांधलेल्या अटी. त्यामुळे 'पंचायत काम करत नाही' अशा तक्रारीला दिल्लीत कुणी वाली नाही. ती खाली ढकलली जाणारच. 'अमुक नोंदणी क्रमांकाच्या घराची लिंटलची तपासणी अमुक तारखेला चढली, अजून एफटीओ (पैसे खात्यात वळवण्याचा आदेश) निघालेला नाही' ही तक्रार वेगळी. ती योजनेच्या अटीला धरून आहे आणि तिचं उत्तर तारखेनंच द्यावं लागतं.

ही तारीख कुणाला न विचारता मिळते. योजनेच्या संकेतस्थळावर 'आवाससॉफ्ट'मध्ये 'रिपोर्ट्स' उघडा. अगदी खाली सोशल ऑडिटचा भाग आहे, त्यात 'बेनिफिशियरी डिटेल्स फॉर व्हेरिफिकेशन'. राज्य, जिल्हा, तालुका, पंचायत, वर्ष आणि योजना निवडली की पंचायतीतल्या प्रत्येक घराची ओळ येते: मंजुरी, सोडलेली रक्कम, घर कुठल्या टप्प्यावर आहे. लॉगिन लागत नाही. नोंदणी क्रमांक इथूनच उतरवून घ्या आणि त्यावरून एफटीओची स्थिती वेगळी तपासा.

आता ही यादी वाचायची कशी. पंचायतीतली सगळीच घरं एका टप्प्यावर थांबलेली दिसली तर अडचण निधीची आहे. मैदानी भागात घरामागं १.२० लाख मिळतात, त्यात केंद्राचे ६० टक्के म्हणजे ७२ हजार आणि राज्याचे ४० टक्के म्हणजे ४८ हजार. यातला एक वाटा लांबला की सगळ्यांचंच थांबतं, तिथं पीडीओंशी भांडून काही निघत नाही. पण शेजारच्या घराला पैसे मिळाले आणि तुमच्याला नाही, तर दोष तुमच्या फाईलमध्ये आहे. तो बहुतेक वेळा यातला एक असतो:

– यादीत टप्पा पायाचाच दिसतो, प्रत्यक्षात लिंटल झालेलं. म्हणजे फोटो चढलेलाच नाही, किंवा चढला पण वर मंजूर झाला नाही. मंजुरीच्या वेळी टिपलेली जागा आणि आताच्या फोटोची जागा जुळत नसेल तर तो अडतो. जुनं घर पाडून बाजूच्या तुकड्यावर बांधकाम काढलं की हे हमखास होतं.

– टप्पा बरोबर आहे, एफटीओही निघाला, पण बँकेनं परत पाठवला. आपल्या भागात हे फार. सिंडिकेट बँक २०२० मध्ये कॅनरात गेली, कर्नाटक विकास ग्रामीण बँक २०२५ मध्ये एकत्रित ग्रामीण बँकेत. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी नोंदलेला असेल तर नव्या पासबुकाची प्रत देऊन तो बदलून घ्यावा लागतो.

– जनधनमधलं 'छोटं खातं' असेल तर त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही. बँकेत पूर्ण केवायसी केली की ही मर्यादा जाते. लाभार्थ्याला याची कल्पनाच नसते.

– आधारवर एक नाव, मंजुरीत दुसरं. माहेरचं नाव, आडनावाचं कन्नड वळण, अशी कारणं.

म्हणून पोर्टलवर जाण्याआधी ईओंना एकच पानाचा अर्ज द्या: नोंदणी क्रमांक, टप्पा, फोटोची तारीख, एफटीओची स्थिती. पोच घ्या. मंजुरीच्या आदेशानंतर पहिला हप्ता सात कामाच्या दिवसांत आणि घर बारा महिन्यांत पूर्ण, असं योजनेची नियमावली सांगते. हे वाक्य अर्जात घाला.

घटप्रभेचं_पाणी

वर बरंच आलंय, फक्त पोर्टलचं राहिलं. सीपीग्राम्सवर, म्हणजे केंद्राच्या तक्रार पोर्टलवर, तक्रार निकाली काढायची मुदत २१ दिवस आहे. एका ओळीत बंद केली की लोक तिथंच सोडतात. तसं करू नका. बंद झाल्यावर अभिप्राय विचारला जातो, त्यात 'असमाधानकारक' नोंदवलं की अपील उघडतं. ३० दिवसांच्या आत करायचं. अपील वरच्या अधिकाऱ्यापुढं जातं, ज्यानं बंद केली त्याच्यापुढं नाही. आणि अपिलात नवी कहाणी नको. 'उत्तरात एफटीओची तारीख दिलेली नाही' एवढं एक वाक्य चालतं.

राज्याची जनस्पंदन सेवा वेगळी, १९०२ क्रमांकावर. रस्त्यावरचे दिवे, गटार, खाता उतारा (मिळकतीची नोंद) हे विषय तिथले. दिल्लीला लिहिण्यात अर्थ नाही.

उतारा_वाचा

पाण्याच्या निधीबद्दल लिहितो, कारण तिथं केंद्राची पकड घरकुलापेक्षा जास्त आहे आणि लोक ती वापरत नाहीत याचं फार वाईट वाटतं.

१५ व्या वित्त आयोगानं २०२१-२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण संस्थांच्या निधीचे दोन भाग केले. ६० टक्के बंधित: त्यातला निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पुनर्वापर यावर, निम्मा स्वच्छतेवर. उरलेले ४० टक्के पंचायतीनं स्थानिक गरजेप्रमाणं वापरायचे, पण पगार आणि आस्थापना खर्चावर नाही. या काळात पंचायतीला वर्षाला १० लाख आले असतील तर ३ लाख पाण्याचे, ३ लाख स्वच्छतेचे, ४ लाख मोकळे. ग्रामसभेत एवढीच फोड मागा. पाण्याच्या तीन लाखांतून काँक्रीट रस्ता झाला असेल तर तो अटीचा भंग आहे, मग रस्ता कितीही चांगला असो.

बघायचं कुठं? ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर, किंवा 'मेरी पंचायत' ॲपवर. पंचायतीचा वार्षिक आराखडा, मंजूर कामं, जमा-खर्च तिथं दिसतो. आराखडा चढवल्याशिवाय आणि हिशेबांचं ऑनलाइन लेखापरीक्षण झाल्याशिवाय निधी मिळत नाही, म्हणून तो चढवलेला असतोच. लेखापरीक्षकांनी काढलेले आक्षेप 'ऑडिटऑनलाइन'वर सापडतात. ग्रामपंचायतीचं लेखापरीक्षण राज्याचं लेखापरीक्षण खातं करतं, जि. पं. आणि ता. पं.चं कॅग.

निवडून आलेली संस्था असणं हीसुद्धा अनुदानाची अट आहे. आपल्याकडं ता. पं. आणि जि. पं.च्या निवडणुका २०२१ पासून रखडल्या. सदस्य नाहीत म्हणजे ईओ-सीईओंना सभागृहात प्रश्न विचारणारंही कुणी नाही. तक्रारी वर जाऊन तशाच खाली येतात त्याचं मला हे मोठं कारण वाटतं.

जलजीवनच्या नळाचं मात्र ग्रामसभेच्या हातात आहे. माणशी रोज ५५ लिटर हा निकष. 'हर घर जल' प्रमाणित करायला ग्रामसभेचा ठराव लागतो. तोट्या बसल्यात पण पाणी नाही, अशा वाडीत तो ठराव सरळ नाकारा आणि नकाराची कारणं इतिवृत्तात लिहून घ्या. एकदा ठराव चढला की कागदावर गाव पूर्ण झालेलं असतं, मागं फिरणं फार जड जातं.

आणि जमाबंदी चुकवू नका. दरवर्षी १६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर या काळात ग्रामपंचायतीची जमाबंदी होते. रोकडवही, पावत्या, मोजमाप पुस्तिका सगळ्यांसमोर ठेवायच्या असतात आणि वरचा अधिकारी हजर असतो. हा राज्याचा नियम, पण केंद्राच्या निधीचे कागदही त्याच ढिगात असतात. दोन-तीन कामं आधी निवडून जा. मोजमाप पुस्तिकेत पाइप किती मीटर लिहिलाय ते बघा आणि गल्लीत टेप लावा.

सीमेवरची_शाळा

भाषेचं सांगते. इथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्या एक समजतात.

गाऱ्हाण्याचं निवेदन मराठीत देता येतं. घटनेचं कलम ३५०: संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याला. अर्जाच्या वरच्या ओळीत 'भारतीय संविधानाच्या कलम ३५० नुसार निवेदन' लिहा. तरी सोबत पाच-सहा ओळींचा कन्नड सारांश जोडा, काम लवकर हलतं. हक्क सोडायचा नाही, पण तपासणाऱ्याला वाचता आलं तर आपलाच वेळ वाचतो.

माहितीचा अधिकार वेगळा. २००५ च्या कायद्याच्या कलम ६ प्रमाणं अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा. म्हणजे इथं कन्नड, हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत दिलेला परत येऊ शकतो. देवनागरी येते त्यांना हिंदीत लिहिणं सोपं. लिहिताच येत नसेल तर तोंडी सांगितलेलं लिहून देण्यात मदत करणं त्याच कलमानं माहिती अधिकाऱ्यावर टाकलंय. शुल्क १० रुपये, बीपीएलला माफ. कर्नाटकात आणखी एक अट आहे: एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. घरकुल आणि पाणी एकाच कागदावर मागितलं की तेवढ्यावरून फेटाळतात, म्हणून दोन अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत, नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील.

मागायचं काय? 'निधीची माहिती द्या' असं मोघम नको. '२०२४-२५ च्या १५ व्या वित्त आयोग खात्याच्या रोकडवहीची आणि अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेच्या पानांची साक्षांकित प्रत' असं मागा.

निपाणी_बाजारपेठ

शहरी भागाला यातलं काय लागू होतं? नगरसभेच्या हद्दीत स्वतःची जागा आहे, घर कच्चं आहे.

हिशेबनीस

यादी वेगळी, मंत्रालयही वेगळं. शहरांसाठी पीएमएवाय (प्रधानमंत्री आवास योजना) शहरी २.० आहे, सप्टेंबर २०२४ पासून, गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाकडून. स्वतःच्या जागेवर बांधायचा घटक 'बीएलसी'. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नसावं, गेल्या २० वर्षांत दुसऱ्या सरकारी योजनेतून घर घेतलेलं नसावं. केंद्राचे १.५० लाख, राज्याचे किमान एक लाख. अर्ज नगरसभेत किंवा ऑनलाइन. जागेचा खाता वारसांच्या नावावर झालेला नसला की फाईल तिथंच थांबते, आधी तेवढं करून घ्या.

मलप्रभाकाठ

यादी उघडून बघितली. बहुतेकांचा टप्पा लिंटल दाखवतोय, दोघांचा अजून पायाच. आता या दोन वेगळ्या वाटा झाल्या का? आणि 'दिशा' समितीबद्दल ऐकलं, तिचा उपयोग होतो का?

हिशेबनीस

होय, दोन वाटा. त्या दोघांसाठी पीडीओंना नव्यानं तपासणी करून फोटो चढवायची लेखी विनंती करा. लाभार्थी फोटोत उभा हवा, जागा तीच हवी. बाकीच्यांचा एफटीओ बघा. तो परत आलेला असेल तर प्रश्न बँकेचा. निघालेलाच नसेल तर ईओंकडे, मग सीईओंकडे, आणि पुढं अपिलासह पोर्टल.

'दिशा' म्हणजे जिल्हा विकास समन्वय व संनियंत्रण समिती. खासदार अध्यक्ष, तीन महिन्यांतून एकदा बैठक, केंद्राच्या योजना हाच तिचा विषय. एकेका घरासाठी तिच्याकडं जाऊ नका. तुमच्याकडं आता पंचायतभराची यादी आहे, तीच तिथं चालते: किती घरं लिंटलवर, कधीपासून, किती एफटीओ परत आले. खानापूरचं एक लक्षात ठेवा. जिल्हा बेळगाव असला तरी खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ उत्तर कन्नड लोकसभेत येतात. निवेदन बेळगाव आणि चिकोडीच्या खासदारांकडं दिलं जातं आणि आपल्या खासदारांच्या कार्यालयात काहीच पोचत नाही. बेळगाव जिल्ह्याच्या बैठकीसाठी उत्तर कन्नडच्या खासदारांना प्रत द्या.

उतारा_वाचा

'दिशा'पेक्षा मी सोशल ऑडिटवर जास्त भर देईन. पीएमएवाय ग्रामीणचं सामाजिक लेखापरीक्षण प्रत्येक पंचायतीत वर्षातून किमान एकदा व्हायला हवं. ऑडिटची माणसं घरोघर येतात तेव्हा पासबुक आणि घराचा टप्पा दोन्ही दाखवा, आणि ग्रामसभेत अहवाल वाचताना तुमचं घर त्यात आलंय का ते ऐका. तिथं नोंदलेला आक्षेप मिटवल्याचा खुलासा पंचायतीला लेखी द्यावा लागतो.

सीमेवरची_शाळा

तो अहवाल कन्नडमध्ये वाचतात. इतिवृत्तावर सही करण्याआधी मराठीत सांगायला लावा, मगच सही करा.