चौघांचे तिघे झाल्यावर कट्टा कसा टिकवावा?

कट्टेकरी (दादर) यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही चार मित्र निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी शिवाजी पार्कवर भेटत आलो आहोत. मैदानाला एक पूर्ण फेरी, म्हणजे साधारण सव्वा किलोमीटर चालणे, मग कट्ट्यावर बसून सकाळच्या वर्तमानपत्रातले शब्दकोडे चौघांनी मिळून पुरे करणे, आणि शनिवारी ज्याचे घर तळमजल्यावर आहे त्याच्याकडे मेंढीकोट, असा आमचा ठरलेला क्रम होता. गेल्या पावसाळ्यात आमच्यातला एक जण मुलाकडे पुण्याला कायमचा राहायला गेला. जोड्या जमत नाहीत म्हणून मेंढीकोट बंद पडला. शब्दकोड्यातले नाट्यसंगीताचे आणि जुन्या नटांचे शब्द त्याच्याचकडून येत असत, त्यामुळे आता कोडेही बहुधा अर्धवट राहते.

याहून मला लागून राहिलेली गोष्ट निराळी आहे. आमचे बोलणे अलीकडे साखर, गुडघे आणि डॉक्टरांच्या तारखा यांच्यापलीकडे जात नाही, आणि आमच्यातील एकाने परवा, रोज यायलाच हवे का, असे विचारले. हा कट्टा मोडू नये असे मला मनापासून वाटते. आपल्यापैकी ज्यांची अशी मंडळी टिकून आहेत, त्यांनी नेमके काय केले, हे सविस्तर सांगावे. एकाला जिने फारसे चढवत नाहीत, हे कृपया ध्यानात घ्यावे.

बदामसत्ती (गिरगाव) यांचे उत्तर

आपण चौथा भिडू शोधण्याच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मित्राच्या जागी बसवलेला माणूस कितीही भला असला तरी पहिले काही महिने सगळ्यांनाच अवघडल्यासारखे होते. तिघांसाठी पाच-तीन-दोन हा उत्तम खेळ आहे. लहानपणी आपण तो खेळला असाल, तरीही उजळणी म्हणून लिहितो. एक्क्यापासून अठ्ठीपर्यंतची सगळी पाने आणि त्यांच्या जोडीला इस्पिक व बदाम यांच्या सत्त्या घेतल्या की तीस पाने होतात. प्रत्येकाला दहा पाने येतात, पण पहिली पाच हातात पडताच हुकूम बोलावा लागतो. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करायचे, वाटणाऱ्याने दोन आणि तिसऱ्याने तीन.

या खेळातली खरी गंमत ओढण्यात आहे. ज्याचे हात कमी पडले, त्याच्याकडून ज्याचे जास्त झाले त्याने पुढच्या डावात न बघता तितकी पाने ओढायची आणि त्या बदल्यात आपल्याकडची नको असलेली पाने द्यायची. आम्ही तिघे रोज शेवटच्या डावाची ही उधारी घरमालकाच्या कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहून ठेवतो. ज्याचे येणे बाकी आहे तो दुसऱ्या दिवशी वसुलीसाठी येतो, आणि ज्याचे देणे आहे त्याला आम्ही चुकवू देत नाही. माणूस आज का आला नाही, हे विचारायला त्यामुळे आपोआप एक निमित्त मिळते, आणि माझ्या अनुभवाप्रमाणे आमची मंडळी मुख्यतः याच उधारीवर टिकली आहे.

अंकवाचक (मुलुंड) यांचे उत्तर

मी आणि माझ्या चार मैत्रिणी दुपारी चहाच्या आधी एकत्र बसतो. आमच्यातील एकीची दृष्टी बरीच अधू झाली आहे, म्हणून आम्ही मोठ्याने वाचू लागलो. दिवाळीत प्रत्येकीने वेगवेगळे दोन अंक विकत घ्यायचे, मुखपृष्ठाच्या आत तिचे नाव लिहायचे आणि ते सगळे अंक सर्वांचे मानायचे, अशी आमची पद्धत आहे. दहा अंक सावकाश वाचले तर उन्हाळ्यापर्यंत सहज पुरतात. ज्या मैत्रिणीला दिसत नाही, तिची ऐकण्याची तयारी आम्हा सगळ्यांपेक्षा पक्की आहे. कथेत आधी दादरला राहणारे पात्र पुढच्या पानावर परळला घरी परतले, तर ती हात वर करून वाचन थांबवते आणि मागचे पान पुन्हा वाचायला लावते. ते बहुधा तिचेच बरोबर निघते, आणि मग त्या लेखकाच्या हलगर्जीपणावर अर्धा तास चर्चा होते.

आजारपणाच्या बोलण्याबद्दल मात्र मला वेगळे सांगायचे आहे. ते बोलणे बंद करण्याचा नियम कृपया करू नका. घरात मुले-सुना काळजी करतील म्हणून आपण जे लपवतो, ते समवयस्क मैत्रिणींजवळच निघते. आम्ही त्याला सुरुवातीची जागा दिली आहे. चहाचे आधण ठेवायचे आणि चहा गाळून होईपर्यंत ज्याची त्याची दुखणी सांगून घ्यायची. कप हातात आले की अंक उघडायचा. एखादीचे खरोखरच गंभीर काही असेल, तर त्या दिवशी अंक मिटलेलाच राहतो, आणि त्याचे कोणालाही वाईट वाटत नाही.

गोरखचिंच (भायखळा) यांचे उत्तर

महिन्यातून एकदा राणीच्या बागेत या, एवढेच सुचवतो. बुधवारी बाग बंद असते. वाटा बहुतेक सपाट आहेत आणि बसायला बाकेही आहेत, त्यामुळे ज्यांना जिने चढवत नाहीत त्यांनाही त्रास होणार नाही. प्राणी पाहण्यासाठी मुलांची गर्दी असते, आपण मात्र झाडांसाठी यावे. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेचे प्रचंड खोड, कैलासपतीच्या थेट खोडावर फुललेली सुगंधी फुले, आणि हिवाळा सरता सरता लोंबत्या लाल फुलांनी बहरणारी उर्वशी, यांपैकी एकेका झाडाजवळ निवांत बसावे. काळा घोडा म्हणून ज्या पुतळ्याचे नाव फोर्टमधल्या त्या चौकाला राहिले आहे, तो मूळ पुतळा 1965 पासून याच बागेत आहे. शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्तीही पाहता येईल.

बदामसत्ती (गिरगाव)

एक राहिले. आपले पुण्याचे मित्र पंचाहत्तरीचे असतील तर एसटीने त्यांना राज्यात कोठेही मोफत प्रवास करता येतो. ही सवलत ऑगस्ट 2022 पासून आहे. पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट पडते. आधार कार्ड जवळ ठेवावे. ही सवलत बेस्टसारख्या शहरी बसला लागू नाही, पण पुण्याहून दादरला थेट एसटी येते, तेव्हा अधूनमधून एखाद्या शनिवारी मेंढीकोट पुन्हा मांडता येईल.

कट्टेकरी (दादर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुण्याचा मित्र गेल्या वर्षी पंचाहत्तर पूर्ण झाला आहे. त्याला आजच फोन केला, आणि ही सवलत त्याला ठाऊकच नव्हती. पुढच्या महिन्यातील दुसऱ्या शनिवारी तो येतो म्हणाला आहे. शब्दकोड्यातली अडलेली सूत्रे आता संध्याकाळी फोनवर त्याला वाचून दाखवायची, असेही ठरले. तोपर्यंत आम्ही तिघे पाच-तीन-दोन मांडतो आणि येत्या गुरुवारी बागेत जातो.

अंकवाचक ताई, दुखण्याच्या बोलण्याला सुरुवातीचा वेळ देण्याची आपली सूचना माझ्या मित्रांना फार पटली. आमच्याकडे चहा नाही, म्हणून मैदानाच्या फेरीचा पहिला अर्धा भाग त्यासाठी ठेवला आहे. आपल्याला एक विचारायचे होते. एखादा अंक सगळ्यांनाच नीरस वाटला तर तो मध्येच सोडून देता, की ज्या मैत्रिणीने विकत घेतला तिच्या मानाखातर शेवटपर्यंत वाचता?

अंकवाचक (मुलुंड)

तीन कथांपर्यंत वाट पाहतो. त्यानंतर तो सोडून द्यायचा की नाही, हे जिने विकत घेतला तिनेच सांगायचे, आणि आजवर प्रत्येकीने ते स्वतःहून सांगितले आहे.