‘बाटले’ की ‘ख्रिस्ती झाले’?

मालवणहून

नमस्कार. आठवी-नववीची मुलं घेऊन वसईच्या किल्ल्यावर जायचं आहे. त्यासाठी चार पानी माहितीपत्रिका तयार करते आहे. आधाराला काही लोकप्रिय इतिहासाची पुस्तकं आणि चर्चच्या दोन पुस्तिका चाळल्या. गोष्ट एकच, पण एकीकडे ‘लोक बाटवले गेले’ आणि दुसरीकडे ‘या किनाऱ्यावर सुवार्तेचा प्रकाश पोचला’. मला वस्तुनिष्ठ लिहायचं आहे. (मुलांना ‘वस्तुनिष्ठ’ म्हणजे रिकाम्या जागा भरा एवढंच ठाऊक, तेही समजावायचं आहे.) सध्याचं वाक्य असं: ‘पोर्तुगीजांच्या काळात अनेक लोक बाटले.’ इथे ‘धर्मांतरित झाले’ घातलं की भागेल का? वर्गात दोन ख्रिस्ती मुली आहेत. त्यांच्यासमोर हे मोठ्याने वाचायचं आहे, म्हणून जास्त काळजी.

वसईहून

बाई, शब्द बदलून निम्मंच काम होईल.

‘बाटणे’ हे क्रियापद सोवळ्याओवळ्यातलं. पाणी बाटतं, भांडं बाटतं, सोवळ्यातला स्वयंपाक बाटतो. ‘माणूस बाटला’ म्हटलं की काय घडलं ते कमी कळतं, निकाल मात्र लागून जातो. मी वसईच्या सामवेदी ख्रिस्ती घरातला, घरी आम्ही कादोडी ही इथली बोली बोलतो. पाचवीत असताना डबा खाता खाता एक मुलगा मला म्हणाला, ‘तुमच्या विहिरीत पाव टाकला होता ना, म्हणून तुम्ही बाटलात.’ त्याच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने ते कुठेतरी वाचलं होतं. संध्याकाळी घरी येऊन मी वाडीतल्या विहिरीत वाकून बघितलं. रहाटाचा दोर, शेवाळ आणि पाणी. पुढे कितीतरी दिवस तांब्या तोंडाला लावला की ते वाक्य आठवायचं.

ही पावाची गोष्ट कोकणात गावोगाव सांगतात. तिच्यात कर्ता कोण ते बघा. पाव पडलेलं पाणी पिऊन कुणी ख्रिस्ती होत नाही. चर्चच्या नियमाप्रमाणे त्याला बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याचा विधी, लागतो. म्हणजे गोष्टीत माणसं दोन: पाव टाकणारा एक, आणि ‘आता तू आमचा नाहीस’ म्हणत पंगतीतून उठवणारा दुसरा. ‘बाटले’ म्हटलं की दोघेही वाक्यातून बाहेर पडतात आणि सगळा दोष पाणी पिणाऱ्याच्या अंगाला चिकटतो.

‘धर्मांतरित झाले’ मध्येही तीच अडचण आहे. मराठीत झालं, केलं आणि करवलं या तिघांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. १५४० साली गोव्यातल्या तिसवाडीतली देवळं पाडली, १५५९ साली हिंदूंची पोरकी मुलं ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याचा हुकूम निघाला, १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं चौकशी न्यायालय, बसलं. या तिन्ही गोष्टी माणसांनी केल्या, राजाच्या शिक्क्याने केल्या. म्हणून ‘प्रकाश पोचला’ हे चर्चच्या पुस्तिकेतलं वाक्य मला ‘बाटले’इतकंच खटकतं. प्रकाश आपोआप पोचतो, हुकूम कुणीतरी काढावा लागतो. माझ्याच धर्माची पुस्तिका आहे म्हणून मी हे सोडून देणार नाही.

इन्क्विझिशनसाठी मराठीत ‘धर्मसमीक्षण सभा’ लिहितात, ते टाळा. समीक्षण म्हटलं की नाटकाचं परीक्षण आठवतं. ‘धर्मछळ’ही नाव म्हणून नको, कारण तो अभिप्राय झाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ साधा ‘चौकशी’. मूळ नाव ठेवा आणि चौकशी कशाची ते पुढच्या ओळीत सांगा. त्या ओळीसाठी इन्क्विझिशनचा १७३६ सालचा जाहीरनामा बघा. ख्रिस्ती घरांनी अंगणात तुळस लावू नये, धोतर नेसू नये, भात शिजवताना त्यात मीठ घालायला चुकू नये. कारण आळणी भात ही हिंदू घराची खूण. कुणाच्या चुलीवरच्या भाताची चव सरकारदरबारी नोंदली जाते, यापुढे ‘अमानुष’, ‘क्रूर’ अशी विशेषणं मुलांना लागणार नाहीत. आणखी एक: हा जाच मुख्यतः बाप्तिस्मा झालेल्यांच्या घरात शिरत होता. म्हणजे आमच्या पूर्वजांना एका बाजूने गावाने उठवलं आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या हंडीत डोकावलं गेलं. लोकप्रिय पुस्तकांत ख्रिस्ती माणूस एक तर फितूर असतो नाही तर भक्त असतो. हा हंडीपाशी बसलेला माणूस कुठेच सापडत नाही.

तुमच्या ‘वस्तुनिष्ठ’ बद्दल. तटस्थ आणि वस्तुनिष्ठ हे एक नव्हेत. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, आणि मी काठावर नाही, या पाण्यातच माझं घर आहे. पण वस्तुनिष्ठ मी होऊ शकतो. निष्ठा वस्तूवर, म्हणजे जे घडलं त्यावर ठेवायची. आपल्या माणसाला अडचणीचं असलं तरी.

वेंगुर्ल्याहून

काकांनी हंडीचं सांगितलं, तसंच देवांचंही आहे. आमचं कुलदैवत मंगेशी. १५६० च्या सुमारास कुशस्थळीहून, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून, जुवारी नदीपलीकडे प्रियोळला नेलं. घरात आम्ही ‘देव हलवला’ म्हणतो, ‘देव पळाला’ कधीच नाही. कारण डोक्यावर घेऊन जाणारी माणसं होती, देव कशाला पळेल? पुस्तकात मात्र ‘देव स्थलांतरित झाले’, पुन्हा तेच ‘झाले’. शिवाय पलीकडचा मुलूख तेव्हा आदिलशहाचा होता, ही ओळ बरीच पुस्तकं गाळतात. ती त्यांच्या गोष्टीत बसत नाही.

‘हुतात्मा’ शब्दही जपून वापरा, बाई. १५ जुलै १५८३ ला गोव्यातल्या कुंकळ्ळीत पाच जेझुइट मिशनरी मारले गेले. चर्चने १८९३ साली त्यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. त्या हत्येनंतर पोर्तुगीजांनी गावच्या गावकरांना, म्हणजे प्रमुखांना, बोलणीसाठी असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून मारलं. त्यांचंही स्मारक कुंकळ्ळीत आहे. एका पुस्तकात पहिले हुतात्मे आणि दुसरे बंडखोर, दुसऱ्या पुस्तकात उलट. मी दोन्हीकडे ‘मारले’ लिहीन आणि कुणी मारलं तेही लिहीन.

बाकी, हा सगळा दोन्हीकडचा प्रोपगंडाच म्हणायचा.

वसईहून

हा शब्द मूळचा आमच्याच घरचा, दादा. १६२२ साली रोममध्ये पोपने धर्मप्रसारासाठी एक खातं काढलं, त्याच्या लॅटिन नावातला ‘प्रसारासाठी’ हा तुकडा म्हणजे प्रोपगंडा. तेव्हा त्यात खोटेपणाचा वास नव्हता. मुंबई-वसईकडे तर तो एका गटाचं नाव होता: पोर्तुगीज राजाच्या हक्काखालचं चर्च ते पद्रोआद, आणि थेट रोमच्या हुकमातलं ते प्रोपगंडा. दोघांचं बराच काळ पटलं नाही. दिवाड बेटावरचे मातेउस द कास्त्रो १६३७ साली याच रोमच्या पाठिंब्याने बिशप झाले, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांनी त्यांना जुमानलं नाही. ते डिचोलीत, आदिलशहाच्या हद्दीत राहिले. म्हणून बाई, ‘फिरंगी’, ‘पोर्तुगीज’, ‘ख्रिस्ती’ हे तीन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. एवढं पाळलंत तरी अर्धी पुस्तकं मागे पडतील.

मालवणहून

काका, दादा, दोघांचे आभार. परिच्छेद पुन्हा लिहिला:

‘१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यांच्या राजाच्या पाठबळाने आलेल्या पाद्र्यांनी इथल्या लोकांना बाप्तिस्मा दिला. काहींवर अधिकाऱ्यांनी सक्ती केली, काहींना सवलती दिल्या, काही आपणहून चर्चमध्ये गेले. ज्यांना परत यायचं होतं, त्यांना अनेक गावांनी पंगतीला घेतलं नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला आणि चर्चमधल्या घंटा नेल्या. त्यातली एक आज नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आहे.’

‘घंटा आणल्या’ लिहिलं होतं, ते खोडून ‘नेल्या’ केलं, कारण आम्ही वसईत उभे राहून वाचणार आहोत. पण मग ‘आपणहून चर्चमध्ये गेले’ हे बरोबर आहे का? की ‘आले’?

वसईहून

‘गेले’ म्हणजे वाचणारा देवळाच्या पायरीवर उभा, ‘आले’ म्हणजे चर्चच्या दारात. तुमच्या वर्गात दोन्हीकडची मुलं आहेत. ‘आपणहून ख्रिस्ती झाले’ लिहा. या एका ठिकाणी ‘झाले’ खरं आहे, कारण करणारे तेच होते.