मदत हवी आहे: आलेखात लिंक ३० टक्केच, तरी पॅकेट गळतात

दोन स्विचमधली १ जीबीपीएसची फायबर लिंक आहे. मॉनिटरिंग एसएनएमपीवर (स्विचला त्याचे आकडे विचारण्याचा प्रोटोकॉल), दर ५ मिनिटांनी. वापर सरासरी ३० टक्के दिसतो, पण सकाळी ११ ते १ कॉलवर आवाज तुटतो आणि नेमक्या त्याच वेळी आलेखात भोकं पडतात, म्हणजे आकडेच येत नाहीत. (पोलिंग, म्हणजे ही विचारणा, यूडीपीवर, ज्यात हरवलेलं पॅकेट आपोआप परत पाठवलं जात नाही, आणि त्याच लिंकवरून, म्हणजे ताप चढला की थर्मामीटरच गायब!)

बाइट मोजणारे काउंटर ६४ बिटी आहेत. ३२ बिटी असते तर पूर्ण वेगात ३४ सेकंदांत उलटून पुन्हा शून्यावर आले असते. ती शक्यता गेली. अपटाइम सलग वाढतोय, म्हणजे रीस्टार्ट नाही. दोन्ही टोकांना सीआरसी एरर (वाटेत बिघडलेल्या फ्रेम) शून्य. मात्र एका बाजूचे आउटपुट डिस्कार्ड (बाहेर पाठवण्याआधीच टाकून दिलेली पॅकेट) प्रत्येक भोकाच्या आधी आणि नंतर वाचले, तर हजारोंनी वाढलेले.

संशय मायक्रोबर्स्टवर: १० जीबीपीएसच्या पोर्टवरून आलेला क्षणभराचा लोंढा १ जीबीपीएसच्या बफरमध्ये मावत नाही आणि ५ मिनिटांच्या सरासरीत दिसतही नाही. पण स्विचचा सीपीयू भरून एसएनएमपीला उत्तर मिळत नसेल, तरी भोकं अशीच पडतील. हे दोन वेगळे कसे ओळखायचे? नेटफ्लो (कोणाकडून कोणाकडे किती डेटा गेला याची नोंद) नाही, पोर्ट मिररिंग (पोर्टवरच्या पॅकेटची प्रत दुसऱ्या पोर्टवर घेणं) जमेल. डिस्कार्ड आणि सीपीयू दर १० सेकंदांनी, वेगळ्या मॅनेजमेंट पोर्टवरून वाचले तर पुरेल का, की क्यूनिहाय (पोर्टच्या प्रत्येक रांगेचे वेगळे) आकडे लागतीलच?